पंखा फिरून राहिला आहे

कप्तानांच्या अंगणात ताठ मानेनं कुणी जात नसे. दूधवाला वाकून जाई. ग्रामपंचायतीचा शिपाई कागद द्यायला आला तरी कमरेतून वाके आणि कागदही खालूनच पुढं करी. माझी आई एकदा त्यांना कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या द्यायला आली, ती डबा पोटाशी धरून इतकी वाकली की शेजारणीला वाटलं, हिच्या पोटात कळ आली. कारण एवढंच, की अंगणाच्या मधोमध एक लोखंडी खुर्ची होती, खुर्चीवर मी बसलेली असे आणि माझ्या डोक्यावर हेलिकॉप्टरचा पंखा गरगर फिरत असे. तो पंखा कुणालाच दिसत नसे. कप्तानांना दिसे.

“पंखा फिरून राहिला आहे!” ते ओट्यावरून गरजत. “समोरून ये! वाकून ये! मागून आला तं शेपटीच्या पंख्यात जाशील!”

परसाकडून येणाऱ्या शेळ्या त्या शेपटीच्या पंख्यात रोज कापल्या जात. कप्तान त्यांची दखल घेत नसत. “शेळीले ट्रेनिंग देता येत नाही,” असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाला मात्र देता येतं, यावर त्यांचा भारी विश्वास.

ते खरं तर कप्तान नव्हते. फौजेतून निवृत्त झाले तेव्हा कितीतरी वरच्या हुद्द्यावर होते आणि निम्मी नोकरी त्यांनी पोरांना हेलिकॉप्टर शिकवण्यात घालवली होती. पण बोदलकसा तलावाजवळच्या त्यांच्या गावानं त्यांना कप्तान म्हटलं, आणि गावानं दिलेला हुद्दा कुणाच्या बापाला बदलता येत नाही. उंच, काटकुळे, कानात श्रवणयंत्र, घरातही पायांत बूट. श्रवणयंत्र त्यांना नको ते ऐकू आलं की हमखास बंद पडे.

मी तिरोड्याची. बाबा तिथल्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री. मी फौजेच्या उड्डाणशाळेत गेले तेव्हा गल्लीत पेढे वाटून झाले होते, सत्कार झाला होता, नारळ-शाल झाली होती. लहान विमानावरचा पहिला टप्पा मी दणक्यात पार केला. दुसरा टप्पा हेलिकॉप्टरचा, आणि तिथं घोडं अडलं. हेलिकॉप्टरं जुनी झालेली, सुटे भाग वेळेवर मिळेनात, शिकवणारे कमी, आणि आमच्या आधीच्याच बॅचची उड्डाणं संपलेली नाहीत. आम्हाला सांगण्यात आलं, सुटीवर जा, बोलावू. तीन आठवड्यांची सुटी वाढली, मग आणखी वाढली. सत्काराला आलेले लोक आता रस्त्यात विचारू लागले, “काऊन व, परत आली का?”

दुसऱ्यांदा सुटी वाढली तेव्हा सोबत एक फॉर्म आला. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी उड्डाण सोडून जमिनीवरच्या शाखेत जावं; सही करून महिनाअखेरीपर्यंत पाठवावं. एकदा सही केली की आकाशाकडं फक्त मान वर करून पाहायचं. थांबलं तर कधी बोलावतील ते माहीत नाही, आणि बोलावल्यावर हात गंजलेला निघाला तर शाळेकडं जास्तीची उड्डाणं द्यायला हेलिकॉप्टर नाही. म्हणजे घरी परत. त्या फॉर्मनं माझी झोप उडवली.

बाबांचं मत साफ होतं. “उभी मशीन गंजते. माणूसबी गंजते. सही कर अन् कामाले लाग.” ते चुकीचं बोलत होते असं मला आजही म्हणता येत नाही. मी स्वतःच गंजत चालले होते. सकाळी दहाला उठत होते!

फौजेतला जाणता माणूस म्हणून कप्तानांचा सल्ला घ्यायला मी गेले. नाव नाही, गाव नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न: “किती तास?”

मी लहान विमानावरचे तास सांगितले, आणि तीन महिने घरी आहे हेही.

“हेलिकॉप्टरवर?”

“शून्य, सर. हेलिकॉप्टरच नाहीत.”

“खुर्ची तं आहे ना?” ते एकदम उठून उभे राहिले. डोळे असे चमकले की मी घाबरलेच. “अरे, तीन महिने घरी बसून राहिली अन् खुर्चीवर एकदाबी बसली नाही? उद्या सातले ये. सहा पंचावन्नले आली तं उत्तम.”

खुर्चीवर बसून उडण्याचा सराव करणं हे काही त्यांच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. आमच्या शाळेतही संध्याकाळी सगळे कॅडेट आपापल्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि हवेत हात हलवत. पण ते दहा मिनिटं. कप्तान अख्खं उड्डाण करवत, हवामानासकट.

मोडक्या हापशीचा दांडा डाव्या हाताला लावलेला. तो उचलला की हेलिकॉप्टर वर, दाबला की खाली. गुडघ्यांमध्ये वाळूच्या डब्यात रोवलेली बांबूची काठी. ती जिकडं झुकेल तिकडं हेलिकॉप्टर जाणार. पायाशी जुन्या सायकलची दोन पेडलं दोरीनं जोडलेली. त्यांनी नाक वळवायचं. हा सगळा संसार त्यांनी स्वतः जमवला होता आणि तो जरा जास्तच खिळखिळा होता. बसल्यावर मला हसू फुटलं. कप्तानांनी हसू संपेपर्यंत घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “उड्डाणाले दोन मिनिटं उशीर. कारण काय लिहू?”

कारण ते खरोखर लिहीत. शाळेच्या हजेरीपटासारखं एक लांब रजिस्टर होतं. त्यात तारीख, निघण्याची वेळ, वारा, मार्ग, उतरण्याची वेळ. पंखा पुरा थांबल्याशिवाय उड्डाण संपलं नाही, आणि तोवर बाकी काही बोलायचं नाही, असा त्यांचा नियम. त्यांची निवृत्तीनंतरची सगळी उड्डाणं त्यात होती. रोज एक. तब्येतीच्या कारणानं डॉक्टरांनी त्यांचं खरं उडणं नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत थांबवलं होतं, पण “खुर्चीवरून उतरवणारा डॉक्टर अजून जन्मले यायचा आहे,” असं ते म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बोटांमध्ये तेंदूचं पान ठेवलं. आमच्याकडं बिडीसाठी वापरतात ते. पान काठीभोवती गुंडाळायचं, त्यावरून काठी धरायची, आणि तास संपल्यावर पान अख्खं दाखवायचं.

“माझा बाप बिड्या वळे,” ते म्हणाले. “मीबी वळल्या. जोरात दाबशील तं पान फाटते, ढील देशील तं तंबाखू सांडते. हेलिकॉप्टर असंच धरायचं. फौजेनं मले उडणं शिकवलं, पण हात माझ्या बापानं शिकवला.”

पहिल्या आठवड्यात माझी सगळी पानं फाटली. त्या फाटक्या पानांची त्यांनी माळ करून दाराला लावली. येणारा-जाणारा विचारी, आणि ते सांगत, “हे कॅडेटचं काम आहे.” खुर्चीवर असताना मी कॅडेट, उतरले की पोरी.

इंधन म्हणजे चहा. त्यांच्या हातात स्टीलचा पेला असे; तो संपायच्या आत मी उतरलेच पाहिजे. ते हळूहळू पीत, पण माझं लक्ष नाही असं दिसलं की एका दमात पेला रिकामा करत आणि शांतपणे म्हणत, “टाकी फुटली. आता?” धुळीत उतरण्याचा सराव म्हणून माझ्या डोळ्यांवर गॉगल चढवून ते सूप भरभरून धानाचा कोंडा माझ्यावर उधळत. “डोळे मिटू नोको! जमीन कुठं आहे? सांग, जमीन कुठं आहे?” मी कोंड्यात न्हाऊन निघे आणि किंचाळून उंची सांगे. घरी जाताना रस्त्यानं माझ्या केसांतून कोंडा गळे. खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मला पहिल्यांदा जिवंत वाटत होतं. सकाळी सव्वापाचला आपोआप जाग येऊ लागली.

त्यांच्या काळात सगळं भरपूर असेल, असं मी एकदा म्हटलं. ते पोट धरून हसले. “आमच्या टायमालेबी एक उडे अन् चार उभे राहत. मी हँगरच्या मागं चहाच्या खोक्यावर बसून शिकलो. ज्याची पाळी असे तो आकाशात अन् मी खोक्यावर, एकाच वेळी. तो उतरला की मी त्याले सांगो, तू वळताना चुकला. त्याले लगित राग ये.”

कोंडा बाबांच्या मिलमधला होता. मीच पोतं आणलं होतं. आपल्या मिलचा कोंडा मुलीच्या तोंडावर उधळला जातो हे बाबांना कळलं, तेव्हा एका रविवारी ते स्वतः पाहायला आले.

मी तेव्हा इटियाडोह धरणावरून परत फिरले होते, अर्थातच अंगणात. बाबा फाटकातून आत शिरले.

“पंखा फिरून राहिला आहे! वाका, मिस्त्री!” कप्तान ओरडले.

बाबांनी वर पाहिलं. आकाशात एक घार होती. “कुठं आहे पंखा? मले तं काही दिसत नाही,” असं म्हणून ते सरळ, ताठ, छाती काढून चालत माझ्या खुर्चीपाशी आले.

कप्तानांनी पेला खाली ठेवला. मला इंजिन बंद करायला लावलं. मग रजिस्टर उघडून त्यांनी सावकाश लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “जमिनीवर अपघात. एक मयत. कॅडेटचे वडील.”

त्या दिवसापासून कप्तानांच्या लेखी बाबा वारले. तिरोड्याच्या आठवडी बाजारात दोघं वांग्यांच्या ढिगाशी समोरासमोर आले. बाबा म्हणाले, “नमस्कार, कप्तानसाहेब.” कप्तानांनी भाजीवालीला विचारलं, “बाई, तुले काही आवाज आला का?” बाबा घरी आले ते ताटावर बसेपर्यंत धुमसत होते. “मले मारून टाकलं त्यानं! भर बाजारात! बिनमशीनचा ड्रायव्हर!” आई पदराआड हसत होती. मीही हसले, पण रात्री फॉर्म काढून तारीख पाहिली. महिनाअखेरीला पाच दिवस उरले होते.

आणि त्याच आठवड्यात मी मेले.

खुर्चीवरून गोरेगावच्या अलीकडं पोचले असताना कप्तान म्हणाले, “इंजिन गेलं.” हे ते कधीही म्हणत. इंजिन गेलं की डावा हात आधी खाली, मग उतरायला जागा शोधायची. पंखा तेवढ्यापुरता वाऱ्यावर फिरत राहतो. मी दांडा झटकन दाबला, जागा निवडून मोठ्यानं सांगितली, ओळखीची, रस्त्यालगतची मोठी मोकळी जमीन. नीट उतरले. पानही फाटलं नाही! मी फुशारकीनं त्यांच्याकडं पाहिलं.

त्यांनी स्कूटर काढली. “बस मागं.”

तासाभरानं आम्ही त्या जमिनीच्या कडेला, धुऱ्यावर उभे होतो. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, मधे ती मोकळी जागा. मस्त सपाट. “वर पाह्य,” ते म्हणाले. मी पाहिलं. जागेवरून आडव्या तारा गेल्या होत्या. जमिनीवर थांबून पाहतानाही राखाडी आभाळात त्या नीट दिसत नव्हत्या. आमच्या तालुक्यात वीज बनते, तिथून तारा चहूकडं जातात, मी जन्मापासून त्यांच्याखालून फिरले, आणि एकदाही लक्षात ठेवल्या नाहीत.

“तार दिसत नाही. कोणालेच दिसत नाही. खांब दिसते. जागा पाहायच्या आधी खांब पाहायचे, अन् दोन खांबांच्या मधात तार आहे असंच समजायचं. तू एकटी नोहोती, कॅडेट. मागं चार जवान होते.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना माझ्या डोळ्यांपुढून ते चार जवान हलेनात. मला वाटलं, झालं. खुर्चीवर ज्याला उतरता येत नाही त्यानं खऱ्या हेलिकॉप्टरला हात कशाला लावावा? मी पिशवीतून फॉर्म काढला, सही ठोकली, आणि बाबांना सांगायला थेट मिलमध्ये गेले.

मिल तेव्हा बंद होती. नवं धान यायला अवकाश होता. मोठ्या शेडमध्ये एकटे बाबा होते, आणि ते चक्कीच्या मुख्य शाफ्टला पाना लावून, अंगाची सगळी ताकद लावून तो हातानं फिरवत होते. एक फेरा. थांबले, घाम पुसला, पुढच्या यंत्राकडं गेले. तिथंही एक फेरा.

“बाबा, मिल तर बंद आहे.”

“म्हणूनच तं. उभी राहिली की बेअरिंग एकाच जागी दबते, वंगण सुकते. रोज हातानं एक फेरा द्या लागते. मंग सीझनले बटन दाबलं की पहिल्या झटक्यात...”

ते बोलता बोलता थांबले. हातातला पाना तसाच राहिला. माझ्या केसांत कोंडा होता. त्यांनी तो पाहिला, मग माझ्या हातातला फॉर्म पाहिला.

“रोज जाते का तू तिकडं?” त्यांनी विचारलं. हे त्यांना माहीत होतं.

“रोज.”

“सातले?”

“सहा पंचावन्नला.”

त्यांनी पाना खाली ठेवला. फॉर्म त्यांनी माझ्याकडून घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला. मला वाटलं, टपालात टाकतील.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसले ती शेवटचं म्हणून. कप्तानांना सांगायचा धीर होत नव्हता. पेला अर्धा झाला होता. फाटक वाजलं. बाबा! हातात पान्यांची पिशवी, काखेत वंगणाचा डबा. कप्तान ओट्यावर ताठ बसून राहिले. मेलेल्या माणसाला कोण हाक मारणार?

बाबा फाटकाशी थांबले. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या हवेकडं एकदा नीट पाहिलं. मग माझा तो सहा फुटी बाप, ज्याची मान मिलच्या मालकापुढंही वाकत नाही, तो कमरेतून वाकला. इतका वाकला की पिशवी जमिनीला घासली. समोरून आला, माझी नजर धरून आला, आणि मी हातानं खूण करेपर्यंत पुढं सरकला नाही. ही खूण करायची असते हे त्याला कुणी सांगितलं? आईनंच असणार.

“पेडल ढिलं आहे,” बाबा गुडघ्यावर बसत म्हणाले. “त्या दिवशीच दिसलं मले. अशा ढिल्या पेडलावर कोणी शिकते काय?”

त्यांनी दोरी काढून फेकली, सोबत आणलेली लोखंडी पट्टी बसवली, बोल्ट आवळले, वंगण घातलं. तरी पेडल जरासं डुगडुगत होतं. “पॅकिंग पायजे,” ते पुटपुटले आणि त्यांनी खिशातून माझा फॉर्म काढला. एकदा दुमडला, दोनदा दुमडला, चार घड्या करून पेडलाच्या खाली सारला आणि वरून बोल्ट करकचून आवळला. सहीसकट.

“दाब आता.”

मी दाबलं. तसूभरही हललं नाही. मला समोरचं दिसेना, डोळे भरून आले होते.

“डोळे पूस, कॅडेट, उंची चालली!” कप्तान गरजले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, मागचं पान काढलं, एक ओळ खोडली आणि म्हणाले, “मिस्त्री, चहा घेसान का?”

पुढचं सगळं धावपळीचं. बोलावणं आलं ते आणखी दोन महिन्यांनी, आणि तोवर मी रोज उडत होते. बाबा रविवारी ओट्यावर बसत आणि माझ्या चुका कप्तानांच्या आधी सांगत. शाळेत गेल्यावर कळलं की प्रत्येकाच्या वाट्याची उड्डाणं मोजून दिलेली आहेत. चाचणीत नापास झालं की पुन्हा संधी नाही. खरं हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचललं तेव्हा माझ्या बोटांत तेंदूचं पान नाही याचीच चुटपुट लागली. काय थरथरत होतं ते! काय आवाज! कप्तानांनी एवढा आवाज तोंडानं काढून दाखवला असता तर त्यांचं श्रवणयंत्र फुटलं असतं.

चाचणीच्या दिवशी शेजारी बसलेल्या शिक्षकांनी न सांगता इंजिनची ताकद काढून घेतली. माझा डावा हात त्यांच्या हाताबरोबरच खाली गेला. उजवीकडं सपाट, मोकळं, सुंदर शेत होतं. कुणीही तेच निवडलं असतं. मी म्हटलं, “खांब आहेत, सर. दोन. डावीकडं जाते.” डावीकडचा तुकडा लहान होता, उंचसखल होता, पण त्यावर आभाळाखेरीज काही नव्हतं. शिक्षकांनी जमिनीच्या जवळ येऊ दिलं आणि ताकद परत दिली. उतरल्यावर म्हणाले, “तारा कुठं शिकलीस?”

“गोरेगावला,” मी म्हटलं. त्यांना ते गोंदियातलं गोरेगाव आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

पास झाले! मी पळत, अक्षरशः पळत जाऊन बाबांना फोन लावला. रविवार होता, म्हणजे बाबा कप्तानांच्या ओट्यावर असणार. बाबांनी फोन उचलला. मी धापा टाकत बोलायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, “थांब. आधी सांग, पंखा पुरा थांबला का?”

मी वळून पाहिलं. मैदानावर तो अजून सावकाश फिरत होता. शेवटचे दोन-तीन फेरे.

“नाही, बाबा. फिरून राहिला आहे.”

“मंग थांबतो आम्ही,” बाबा म्हणाले, आणि फोनमध्ये ते दोघं गप्प बसून राहिले.